नक्षी शाबूत, तरी पकड नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात नोकरीसाठी जाऊ पाहणाऱ्या तरुणांना उपयोगी पडेल अशी माहिती आपल्या दैनिकात वेळोवेळी येते आणि मी ती येथे श्टुटगार्टमध्ये बसून आवर्जून वाचते. भाषेची परीक्षा, व्हिसा, घरभाडे, आरोग्य विमा, थंडीचे कपडे या सगळ्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ज्या एका गोष्टीमुळे इथे नव्याने आलेली आपली माणसे पहिल्याच हिवाळ्यात जीव धोक्यात घालतात, त्या मोटारीच्या टायरविषयी मी मराठीत अजून काही वाचलेले नाही. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा अनेक व्यवसायांतील तरुणांचे डोळे या राज्याकडे लागले आहेत. मी याच राज्याच्या राजधानीत गेली चौदा वर्षे राहते. मूळची सांगलीची आहे आणि वाहनांच्या ब्रेकची चाचणी घेणाऱ्या विभागात काम करते. त्यामुळे हे पत्र थोडे लांबले तरी आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घडलेला प्रसंग सांगते. आमच्या इमारतीत सातारा जिल्ह्यातील एक तरुण राहतो. तो सप्टेंबरमध्ये आला, रुग्णालयात रुजू झाला आणि पहाटेच्या पाळीला वेळेवर पोहोचता यावे म्हणून महिन्याभरातच त्याने एक जुनी पण दिसायला देखणी मोटार घेतली. मोठी चाके, रुंद आणि बुटके टायर, काळ्या रंगाच्या रिम. विकणाऱ्याने त्याला सांगितले होते की टायर जवळजवळ नवे आहेत, आणि ते खोटे नव्हते. त्या दिवशी मला पहाटेची रेल्वे पकडायची होती, म्हणून मी त्याच्या शेजारी बसून निघाले. श्टुटगार्ट हे शहर एखाद्या खोलगट परातीसारखे आहे, मध्यवर्ती भाग तळाशी आणि आमची डेगरलोखची वस्ती कडेवर. तेथून खाली उतरणारा ‘नॉये वाइनश्टायगे’ नावाचा रस्ता चांगलाच उताराचा आणि वळणाचा आहे, आणि शेजारून ट्रामचे रूळ जातात. बर्फ नव्हता आणि दवही गोठलेले नव्हते. रात्री पाऊस पडून गेल्यामुळे रस्ता ओला होता, इतकेच. गाडी सुरू करताच समोरच्या फलकावर ३ अंश तापमान दिसले, एक बारीक सूचनाध्वनी झाला आणि हिमकणाची छोटी खूण उमटली. ती खूण पाहून त्याला वाटले की एसी चालू राहिला आहे. त्याने बटण दाबून पाहिले आणि तो तसाच निघाला.

उताराच्या शेवटी सिग्नल लाल झाला. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आतच होता आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतरही पुरेसे होते. त्याने ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, खडखड सुरू झाली. गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. “ताई, ब्रेकच लागत नाहीत!” असे तो ओरडला. ब्रेक उत्तम लागत होते. चाके थांबायला तयार होती, रस्ता मात्र त्यांना धरत नव्हता. त्याने प्रसंगावधान राखून शेजारच्या मोकळ्या मार्गिकेत गाडी घेतली म्हणून पुढच्या गाडीवर आदळली नाही, पण थांबण्याची रेषा ओलांडून आम्ही चौकात जवळजवळ एक गाडीभर पुढे गेलो होतो. आडव्या रस्त्याने त्या क्षणी कोणी येत नव्हते. दोन मिनिटे आम्ही दोघेही काही बोललो नाही.

स्थानकाजवळ दिव्याखाली गाडी उभी केल्यावर मी टायर पाहिले. इथे लोक दोन युरोचे नाणे टायरच्या नक्षीच्या खाचेत उभे धरून खोली पाहतात, कारण त्या नाण्याची बाहेरची रुपेरी कड ४ मिलिमीटर रुंद असते. ती कड पूर्ण बुडून वर आणखी जागा उरत होती. म्हणजे नक्षीला नाव ठेवायला जागा नव्हती. टायरच्या बाजूवर २४५/४० आर १८ हा आकार होता आणि त्यापुढे ‘वाय’ हे अक्षर होते, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी प्रमाणित केलेला टायर. डोंगराची तीन शिखरे आणि त्यात हिमकण असे जे चिन्ह हिवाळी टायरवर असते, ते कुठेच नव्हते. वेगवान गाड्यांसाठी खास बनवलेला तो उन्हाळी टायर होता. मी अंगठ्याचे नख नक्षीच्या ठोकळ्यात रोवून पाहिले. जुन्या बुटाच्या तळव्यासारखे ते रबर घट्ट लागले. त्यालाही तसे करायला सांगितले. मग शेजारी उभ्या असलेल्या एका गाडीच्या हिवाळी टायरला नख लावून पाहायला सांगितले. तिथे नखाची खूण पडली आणि हळूहळू भरून आली. त्याला जे समजायचे ते तेवढ्याने समजले.

आपल्याकडे टायर चांगला की वाईट हे ठरवायची एकच रीत आहे. टायर गोटा झाला असेल तर बदलायचा, नक्षी असेल तर चालवायचा. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून टायर फुटण्याविषयी आपल्या वृत्तपत्रांत भरपूर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ती सगळी चर्चा उष्णतेची, झिजेची आणि हवेच्या दाबाची आहे. निफाडला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे पारा फार उतरतो, दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे छापून येतात, पण दुपारपर्यंत ऊन तापते आणि कोणाला टायरचा विचार करावा लागत नाही. म्हणून आपल्या अनुभवात ‘थंड टायर’ नावाचा धोकाच नाही. इथे येणाऱ्या माणसाला कोणी बर्फाबद्दल सांगितले, तर तो बर्फ पडण्याची वाट पाहतो आणि तोवर आपण सुरक्षित आहोत असे समजतो. माझा सगळा आक्षेप या समजुतीला आहे. उन्हाळी टायरची पकड बर्फ पडल्यावर जात नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, साध्या ओल्या रस्त्यावर, पारा एक आकडी झाला की कमी होऊ लागते.

असे का होते, ते जरा सविस्तर सांगते. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही. चार चाके मिळून रस्त्याला टेकतात ते जेमतेम चार तळहातांएवढ्या जागेवर. डांबराचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसला तरी खडीच्या टोकांनी तो खरखरीत असतो. टायरचे रबर त्या टोकांभोवती दबते, त्यांच्या मधल्या खाचांत शिरते आणि पुढे सरकताना पुन्हा मूळ आकारात येते. हे दबणे आणि परत येणे यांत जी ऊर्जा रबराच्या आत जिरते, तिच्यातून पकडीचा मोठा भाग मिळतो. दुसरा भाग रबर आणि दगड यांच्या प्रत्यक्ष चिकटण्यातून मिळतो, पण रस्ता ओला असला की तो भाग कमी होतो आणि सगळी भिस्त पहिल्यावर येते. रबर कडक झाले तर ते खाचांत शिरत नाही, टोकांवरून नुसते घसरत जाते.

आता रबर कडक कधी होते? आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते, पण तिच्याच शेजारची शेंगदाणा तेलाची बाटली वाहती राहते. दोन्ही तेलेच, पण प्रत्येकाची थिजण्याची वेळ वेगळी. रबराचेही काहीसे असेच असते. रबर तेलासारखे एका ठरावीक बिंदूला गोठत नाही, हळूहळू ताठर होत जाते आणि अखेरीस काचेसारखे होते, एवढा फरक लक्षात ठेवावा. नैसर्गिक रबराला काचेसारखे व्हायला शून्याखाली साधारण ७० अंश लागतात, तर टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही कृत्रिम रबरांना त्याच्या कितीतरी वरचे तापमान पुरते. वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरमध्ये मुद्दाम असे रबर आणि रेझिन घातलेले असते की तापलेल्या रस्त्यावर, जोरात ब्रेक दाबल्यावर, टायर स्वतः ६०-७० अंशांपर्यंत तापल्यावर त्याने उत्तम पकड द्यावी. म्हणजे त्याची सगळी गुणवत्ता वरच्या तापमानासाठी राखून ठेवलेली असते. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबर आणि थंडीतही लवचीक राहणारी रबरे जास्त असतात, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी फटी असतात, ज्यामुळे ठोकळा आणखी सहज वाकतो.

नखाने दाबून जे कळते ते अर्धेच असते, हेही इथे सांगायला हवे. नख आपण सावकाश दाबतो. रस्त्यावर जोरात ब्रेक लागलेला असताना टायर किंचित घसरत असतो आणि खडीची बारीक टोके त्याला सेकंदाला हजारो ते लाखो वेळा ठोसत असतात. रबराचा स्वभाव असा आहे की त्याला जितके वेगाने दाबावे तितके ते अधिक थंड असल्यासारखे, म्हणजे अधिक ताठर वागते. त्यामुळे नखाला जो टायर बरा वाटतो, तो रस्त्याला कडक लागू शकतो, आणि नखालाच जो कडक लागतो त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. मोटार शर्यती पाहणाऱ्या वाचकांना आठवत असेल की नोव्हेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासला रात्रीच्या थंडीत फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तेव्हा टायर तापते ठेवणे ही सर्वच संघांची मोठी डोकेदुखी होती. तिथे तर गाडी उभी असताना टायरना तापवणारी ब्लँकेटे गुंडाळलेली असतात. घरापासून रुग्णालयापर्यंत चार किलोमीटर जाणाऱ्या माणसाचे टायर पहाटेच्या ३ अंशांत तापणार कुठून? रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची पहिली काही किलोमीटरच सर्वांत वाईट असतात, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस अर्धवट झोपेत आणि घाईत असतो.

पकड थोडी कमी झाली तर काय बिघडते, असा प्रश्न त्या तरुणाने मला नंतर विचारला होता. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला, तोच इथे देते. समजा, दोन गाड्या ताशी १०० किलोमीटर वेगाने शेजारी शेजारी चालल्या आहेत आणि दोघांनी एकाच क्षणी पूर्ण ब्रेक दाबला. पहिलीच्या टायरची पकड चांगली आहे, ती सुमारे ४४ मीटरमध्ये थांबते. दुसरीची पकड फक्त एक पंचमांशाने कमी आहे, म्हणून तिला साधारण ५५ मीटर लागतात. अकरा मीटर म्हणजे फार नाही, असे वाटते. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या ठिकाणी दुसरी अजून ताशी ४५ किलोमीटर वेगाने धावत असते. ताशी ५० वर हाच हिशेब केला तरी त्या जागी दुसरीचा वेग ताशी २२ किलोमीटर उरतो. शाळेतून येणाऱ्या मुलाला तेवढा वेग पुष्कळ झाला. हे आकडे मी केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, कोणत्याही एका टायरचे नव्हेत. पण मीटरमधला छोटा फरक धडकेच्या वेगात केवढा मोठा होऊन येतो, ते त्यावरून दिसते.

इथे सर्वत्र ७ अंशांचा नियम सांगितला जातो, म्हणजे तापमान ७ अंशांखाली जाऊ लागले की हिवाळी टायर बसवावेत. मी प्रामाणिकपणे सांगते, ७ अंश ही काही भिंत नव्हे. ८ अंशांवर टायर उत्तम आणि ६ अंशांवर निकामी, असे होत नाही. घसरण हळूहळू होते आणि ती टायरगणिक वेगळी असते. साध्या कौटुंबिक गाडीचा चांगला उन्हाळी टायर ५ अंशांत कोरड्या रस्त्यावर अजूनही समाधानकारक थांबतो, प्रसंगी हिवाळी टायरपेक्षा आधीही थांबतो. म्हणून काही अनुभवी चालक हा नियम अतिशयोक्त आहे असे म्हणतात, आणि कोरड्या रस्त्यापुरते त्यांचे म्हणणे सोडून देता येत नाही. पण हिवाळ्यात जर्मनीतला रस्ता कोरडा किती दिवस असतो? पाऊस, धुके, झाडांची कुजलेली पाने, सकाळी पुलांवर साचणारे दव, सावलीत असलेले वळण. हवेचे तापमान ६ अंश असले तरी पुलाचा पृष्ठभाग त्याहून खूप खाली गेलेला असू शकतो. ज्यांना ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला जायची हौस आहे, त्यांनी तर हे लक्षात ठेवावेच. बाडेन-बाडेनहून ‘बी ५००’ हा सुंदर डोंगरी रस्ता सुमारे हजार मीटर उंचीवरच्या मुमेलझे तलावापर्यंत चढत जातो. खाली दरीत ८ अंशांचे आल्हाददायक ऊन असते आणि वर पोहोचेपर्यंत पारा पाच-सहा अंशांनी उतरलेला असतो. टायर मात्र तेच असतात. आणि जितका टायर अधिक ‘स्पोर्टी’, तितकी त्याची घसरण लवकर सुरू होते. शर्यतीच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या अतिमऊ टायरविषयी तर उत्पादकच बजावून सांगतात की शून्याखाली सुमारे ७ अंशांच्या थंडीत ते वापरू नयेत आणि ठेवूही नयेत, कारण त्या थंडीत त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात. असे गोठलेले टायर पुन्हा वापरण्याआधी किमान २४ तास उबदार जागेत ठेवावे लागतात. उन्हात सर्वांत मऊ असलेले रबरच थंडीत सर्वांत आधी तडकावे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर कोणी वर्षभर हिवाळी टायर चालवायला लागेल. जुलैच्या उन्हात हिवाळी टायर गरजेपेक्षा मऊ पडतो, त्याचे ठोकळे डोलतात, थांबण्याचे अंतर वाढते आणि तो भराभर झिजतो. म्हणूनच इथली माणसे रिमसह दोन संच ठेवतात आणि ‘ओ बिस ओ’, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर, हिवाळी टायर चालवतात. तळघरात जागा नसेल तर गॅरेजवाले ठरावीक भाडे घेऊन दुसरा संच सांभाळतात. ज्यांचा वापर केवळ शहरापुरता आणि थोडा आहे, त्यांनी डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेला चांगला ऑल-सीझन टायर घेतला तरी माझी हरकत नाही. दोन्ही ऋतूंत तो पहिल्या क्रमांकाचा ठरणार नाही, पण कोणत्याही ऋतूत दगा देण्याइतका वाईटही नसतो.

हवेच्या दाबाचे एका वाक्यात सांगते. २० अंशांत २.५ बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) भरलेल्या टायरमध्ये शून्य अंशांवर कोणतेही पंक्चर नसताना सुमारे पाव बार हवा कमी दिसते, म्हणून पारा उतरला की दाब पुन्हा तपासावा.

आणखी एक गैरसमज आपल्या मंडळींत फार आहे. गाडीत एबीएस आहे, गाडी घसरू लागली तर तिला सावरणारी ईएसपी यंत्रणा आहे, चारही चाकांना शक्ती जाते, मग काळजी कशाची, असे मला अनेकांनी सांगितले आहे. माझे रोजचे काम याच यंत्रणांचे असल्यामुळे मी खात्रीने सांगू शकते की त्यांतली एकही पकड निर्माण करत नाही. जी पकड टायर देतो, ती चार चाकांत शहाणपणाने वाटून देणे एवढेच त्यांचे काम आहे. चार चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी निघते झोकात, पण थांबताना तिला तेच चार तळहात उपयोगी पडतात. त्या पहाटे जी खडखड ऐकू आली, ती यंत्रणा आपले काम चोख करत असल्याचीच होती.

आता कायद्याकडे वळते, कारण नवखा माणूस कायद्यात असलेल्या गोष्टीलाच महत्त्व देतो आणि इथे नेमकी गफलत होते. जर्मनीत डिसेंबर २०१० पासून हिवाळी टायरची सक्ती आहे, पण ती तारखेशी बांधलेली नाही, रस्त्याच्या स्थितीशी बांधलेली आहे. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेले दव किंवा निसरडा थर असेल तेव्हाच ती लागू होते. अशा वेळी उन्हाळी टायरवर गाडी चालवली तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण पडतो. वाहतुकीला अडथळा झाला तर दंड ८० युरो होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अशी अक्षरे असलेले टायर हिवाळी म्हणून चालत नाहीत, डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असावेच लागते. जुनी गाडी घेताना विकणारा ‘एम प्लस एस’ दाखवून हिवाळी टायर असल्याचे सांगू लागला, तर हे ध्यानात ठेवावे. शेजारच्या देशांत नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर लागतात आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर असावी लागते. पण माझा मुद्दा वेगळा आहे. ३ अंशांत, साध्या पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर, वेगवान गाडीचे उन्हाळी टायर लावून उतारावरून येणारा तो तरुण कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होता. पोलिसाने अडवले असते तरी टायरसाठी दंड झाला नसता. कायदा बर्फावर बोलतो, रबराच्या ताठरपणावर बोलत नाही. म्हणून नियम पाळला म्हणजे झाले, ही समजूत इथे पुरत नाही.

याला जोडून परवान्याची बाब आहे, आणि मला वाटते की सगळ्या पत्रात हीच सर्वांत महत्त्वाची आहे. भारतीय वाहन परवान्यावर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा अभ्यास करताना टायर, निसरडे रस्ते, थांबण्याचे अंतर हे सगळे शिकावे लागते. अभ्यासक्रम आणि नोकरीच्या वेळापत्रकामुळे आपले पुष्कळ तरुण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. आता महिने मोजून पाहा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. ज्या सहा महिन्यांत त्याला काहीही न शिकता गाडी चालवायची मुभा आहे, तेच सहा महिने संपूर्ण हिवाळा आहेत. त्याला शिकवले जाईल तेव्हा वसंत आलेला असेल. त्यात वाहन उजव्या बाजूने चालवायचे, फलक परक्या भाषेत, पाळी पहाटेची, गाडी कोणीतरी वापरून विकलेली आणि तिच्यावर दिसायला रुबाबदार असे उन्हाळी टायर. हिवाळी टायरचा संच अनेकदा आधीच्या मालकाने वेगळा विकलेला असतो, म्हणून अशी गाडी शरद ऋतूत स्वस्तही मिळते. स्वस्त का मिळाली, हे घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

तेव्हा माझी विनंती दोन ठिकाणी आहे. इथे येणाऱ्यांना जर्मन भाषा आणि शिष्टाचार शिकवणाऱ्या महाराष्ट्रातील शासकीय आणि खासगी प्रशिक्षण वर्गांनी आपल्या अभ्यासक्रमात टायरसाठी एक तास ठेवावा. वाहनचालक म्हणून येणाऱ्यांसाठी तर तो हवाच, पण परिचारिका आणि तंत्रज्ञांसाठीही हवा, कारण पहाटेच्या पाळीला गाडी घेऊन जाणारे तेच असतात. त्या तासात फार काही लागत नाही. टायरच्या बाजूवरचे डोंगर-हिमकणाचे चिन्ह ओळखता यावे, चार आकड्यांचा उत्पादन क्रमांक वाचता यावा (३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा), नाण्याने नक्षी मोजता यावी, फलकावर उमटणारी हिमकणाची खूण एसीची नसून थंडीमुळे रस्ता निसरडा असू शकतो असा इशारा असते हे माहीत असावे आणि गाडीच्या किमतीत हिवाळी टायरचा खर्च धरूनच सौदा करावा. शक्य असेल तर मुलांच्या हातात प्रत्यक्ष दोन्ही टायरचे तुकडे द्यावेत. तासभर बर्फात ठेवून बाहेर काढलेले दोन तुकडे बोटांनी वाकवून पाहिले, तर मी वर लिहिलेले निम्मे पत्र वाचावे लागणार नाही.

दुसरी विनंती आपल्याला आहे. आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक मजकुरात मायलेज, इंजिनाची ताकद आणि रिमचा आकार यांना जितकी जागा मिळते, तिच्यातली थोडी जागा या विषयाला द्यावी आणि ती शक्यतो ऑगस्टमध्येच द्यावी, म्हणजे सप्टेंबरमध्ये विमानात बसणाऱ्याच्या वाचनात ती येईल. आई-वडिलांनी ती वाचली तरी चालेल. साताऱ्याच्या त्या तरुणाच्या आईने मला फोनवर पहिला प्रश्न विचारला होता की बर्फ पडायला लागला का. अजून नाही पडला, असे मी सांगितले, तेव्हा त्यांना हायसे वाटले. टायरबद्दल मी त्यांना काही सांगितले नाही, कारण फोनवर ते कसे समजावावे हे मला त्या वेळी सुचले नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी तो पाळीहून ट्रामने परत आला. गाडी त्याने रुग्णालयाच्या आवारातच ठेवली होती. आठ दिवसांनी डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेले चार टायर साध्या पोलादी रिमवर बसवून घेतले आणि मगच गाडी घरी आणली. रुबाबदार चाके आमच्या तळघरात जुन्या चादरीखाली ठेवली आहेत. ईस्टरनंतर पाऱ्याचा अंदाज पाहून ती पुन्हा बसवायची, असे आमचे ठरले आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
श्टुटगार्ट, जर्मनी
(मूळ गाव : सांगली)